'पोषक'ची आठवण कोणाला?

४ डिसेंबर हा नौदल दिन. १९७१ च्या युद्धात त्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्रवाहू नौकांनी कराचीवर धडक मारली, 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका बुडविली आणि बंदरातील तेलाच्या टाक्यांवर मारा केला. या पराक्रमाची गाथा दरवर्षी सांगितली जाते. २०२३ मध्ये तर हा सोहळा सिंधुदुर्गात, मालवणच्या किनाऱ्यावर साजरा झाला. तथापि त्या रात्रीच्या ताफ्यात 'किल्तान' आणि 'कचाल' या पाणबुडीविरोधी नौकांबरोबर आणखी एक जहाज होते, याचा उल्लेख क्वचितच होतो. त्याचे नाव 'पोषक'. ते तेलवाहू जहाज होते. त्याच्यावर क्षेपणास्त्रे नव्हती आणि त्याच्या नावावर एकही बुडविलेले जहाज नाही.

परंतु त्या क्षेपणास्त्रवाहू नौका मुळात किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या होत्या. त्यांचा वेग मोठा आणि पल्ला तोकडा. कराचीपर्यंत जाऊन परत यायचे तर वाटेत इंधनाची सोय हवी, हे मोहीम आखणाऱ्यांनी जाणले आणि टँकर बरोबर घेतला. नौदल सप्ताहात मुंबईकर रांगा लावून युद्धनौका पाहायला जातात; टँकर पाहण्यासाठी कोणी रांग लावल्याचे ऐकिवात नाही. सामान्य नागरिकांचे हे दुर्लक्ष क्षम्य आहे. संरक्षण सामग्रीच्या खरेदीचे निर्णय घेणाऱ्यांनीही त्याच नजरेने पाहावे, हे मात्र क्षम्य नाही. आणि गेल्या दोन-अडीच दशकांत नेमके तेच घडले आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण पाणसुरुंग काढणाऱ्या नौकांचे, म्हणजे माइनस्वीपरचे. पाणसुरुंग हे दुर्बळाचे शस्त्र. ते स्वस्त असते, मासेमारी नौकेतूनही टाकता येते आणि समुद्राच्या तळाशी निमूट पडून राहते. वरून जाणाऱ्या जहाजाचे चुंबकत्व, यंत्रांचा आवाज किंवा पाण्याचा बदललेला दाब यांपैकी काहीही त्याला जागे करू शकते. १८ फेब्रुवारी १९९१ रोजी कुवेतच्या समुद्रात अमेरिकेची 'त्रिपोली' आणि 'प्रिन्स्टन' ही दोन जहाजे काही तासांच्या अंतराने इराकी सुरुंगांवर आदळली. त्यातील 'प्रिन्स्टन' ही त्या काळातील अत्याधुनिक क्रूझर होती. सुरुंग काढणे हे अत्यंत संथ, चिकाटीचे आणि धोक्याचे काम आहे. बांगलादेश मुक्त झाल्यानंतर चितगाव बंदराची वाट मोकळी करण्यासाठी सोव्हिएत नौदलाचे पथक १९७४ पर्यंत तेथे राबत होते.

भारतीय नौदलाकडे सोव्हिएत बनावटीच्या अशा १२ नौका होत्या. त्यांपैकी दोघींची नावे 'रत्नागिरी' आणि 'कोंकण' अशी आपल्या परिचयाची. त्या १९७८ ते १९८८ या दशकात दाखल झाल्या आणि वयोमानाने एकामागून एक निवृत्त झाल्या. 'कारवार' व 'काकिनाडा' यांना मे २०१७ मध्ये मुंबईतच निरोप देण्यात आला. एप्रिल २०१९ मध्ये शेवटची 'कोझिकोड' निवृत्त झाली. त्या दिवसापासून साडेसात हजार किलोमीटरहून लांब किनारा असलेल्या या देशाकडे सुरुंग काढणारी एकही खास नौका उरली नाही. जहाजांवर बसविता येणारी फिरती उपकरणे नौदलाने मिळविण्याचा प्रयत्न केला. पण ती तात्पुरती मलमपट्टी होय.

या नौका जुन्या होत आहेत हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. आठ नव्या नौकांसाठी २००८ मध्येच निविदा निघाली होती. दक्षिण कोरियाच्या कांगनम कंपनीची निवड झाली. मग मध्यस्थ नेमल्याच्या तक्रारीवरून २०१४ मध्ये ती प्रक्रिया रद्द झाली. पुढे १२ नौका वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्येच बांधायच्या, तंत्रज्ञान परदेशी भागीदाराकडून घ्यायचे, असे ठरले. खर्चाचा अंदाज होता सुमारे ३२ हजार कोटी रुपये. पुन्हा कांगनमशीच बोलणी झाली, तंत्रज्ञान हस्तांतर आणि किंमत यांवर ती अडली आणि जानेवारी २०१८ मध्ये हाही प्रस्ताव बारगळला. भ्रष्टाचाराच्या संशयाची चौकशी झालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न असा की, त्याच काळात विमानवाहू नौका, पाणबुड्या आणि विनाशिका यांच्याही व्यवहारांत अडचणी आल्या, वाद झाले, किमती फुगल्या. तरी ती कामे रखडत का होईना, पुढे सरकली. कारण त्यांच्यामागे पाठपुरावा करणारे वजनदार पाठीराखे होते. सुरुंग काढणाऱ्या नौकेला असा पाठीराखा नसतो.

याचा अर्थ मुंबईकरांनी नकाशासमोर बसून समजून घ्यावा. देशातील प्रमुख बंदरांतून होणाऱ्या कंटेनर वाहतुकीचा सुमारे निम्मा वाटा एकट्या न्हावाशेव्याचा आहे. तेथे जाणारी मोठी जहाजे गाळ उपसून राखलेल्या ठरावीक मार्गानेच ये-जा करतात. त्या मार्गावर सुरुंग असल्याची नुसती अफवा पसरली तरी विमा कंपन्या आणि जहाजांचे कप्तान काय करतील, हे सांगायला संरक्षणतज्ज्ञ लागत नाही. शिवाय पश्चिम ताफ्याच्या युद्धनौकाही याच मुंबईच्या तोंडातून बाहेर पडतात.

हवाई दलाची कथा फारशी वेगळी नाही. २९ जुलै २०२० रोजी पहिली पाच राफेल विमाने अंबाल्यात उतरली. त्या प्रवासातील एक छायाचित्र त्या वेळी घरोघरी पोहोचले: ढगांवर तरंगणारे राफेल आणि त्याला नळीतून इंधन पाजणारे अवजड विमान. सर्वांचे डोळे राफेलवर खिळले. ते अवजड विमान मात्र फ्रान्सच्या हवाई दलाचे होते. पुढच्या काही तुकड्यांना संयुक्त अरब अमिरातीच्या टँकरने इंधन पुरविले. आपल्याकडे असे टँकर आहेत ते अवघे सहा. २००३ पासून आग्र्याच्या तळावर दाखल झालेली ती 'आयएल-७८' विमाने. आणि त्यांतलीही निम्म्याच्या आसपासच उड्डाणाच्या स्थितीत असतात, असा ठपका 'कॅग'ने २०१७ मध्ये ठेवला होता. आणखी सहा टँकरसाठी दोनदा निविदा निघाल्या, दोन्ही वेळा एअरबसची निवड झाली आणि दोन्ही वेळा किमतीच्या मुद्द्यावर गाडे अडले. पहिला प्रस्ताव २०१० मध्ये मागे घेण्यात आला, दुसरा २०१६ मध्ये. अखेर २०२५ मध्ये वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी एका खासगी परदेशी कंपनीचे एक टँकर भाड्याने घेण्याची पाळी आली.

टँकर म्हणजे केवळ लांब पल्ल्याची चैन, असा एक समज आहे. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेदहा हजार फुटांवर आहे. तेथील विरळ हवेत लढाऊ विमानाला पूर्ण इंधन आणि पूर्ण शस्त्रसाठा घेऊन उड्डाण करता येत नाही. एकाला कात्री लावावी लागते. शस्त्रे भरून, थोडक्या इंधनावर उडायचे आणि वर गेल्यावर टँकरकडून तहान भागवायची, हा त्यावरचा उपाय. म्हणजे टँकर नसेल तर राफेलसारख्या महागड्या विमानाची निम्मी ताकद धावपट्टीवरच राहते. आपल्या चर्चेत मात्र हवाई दलाचे बळ मोजण्याचे परिमाण एकच: स्क्वाड्रन किती? मंजूर ४२, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९. ही तूट गंभीर आहेच. पण २९ स्क्वाड्रनमागे टँकर किती आणि टेहळणीची 'अवॅक्स' विमाने किती, हा आकडा वृत्तवाहिन्यांच्या पडद्यावर झळकत नाही.

लष्कराच्या बाबतीत तर किंमत जवानांनी मोजली आहे. कारगिलमध्ये पाकिस्तानी तोफा नेमक्या कोठून मारा करीत आहेत, हे हुडकणारे रडार आपल्याकडे नव्हते. गरज आधीच मांडली गेली होती, खरेदी झाली नव्हती. तो करार अमेरिकेशी झाला २००२ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर तीन वर्षांनी. उंचावरील जवानांच्या पोशाखाचेही तेच. बर्फात घालायचे चष्मे आणि बूट यांचा तुटवडा असल्याचे आणि जुनेच बूट डागडुजी करून वापरावे लागल्याचे 'कॅग'च्या फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नोंदविले आहे. त्यानंतर चारच महिन्यांनी गलवानची चकमक झाली, हजारो जादा जवान लडाखमध्ये हिवाळा काढणार हे स्पष्ट झाले आणि अमेरिकेकडून घाईघाईने उबदार कपडे आणावे लागले.

मराठी माणसाला तरी हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना उत्तम होता. पण डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दाणागोटा तुटला आणि १४ जानेवारीला भाऊसाहेबांचे सैन्य उपाशीपोटी रणात उतरले. अडीचशे वर्षांहून अधिक काळ आपण विश्वासराव, दत्ताजी, जनकोजी यांच्या शौर्यावर गहिवरतो. गोविंदपंतांचे नाव निघते ते बहुधा हिशेबाच्या तक्रारीपुरते.

या उदासीनतेचे मूळ पैशाच्या टंचाईत आहे, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यातील १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चासाठी. सहा टँकर किंवा बारा सुरुंगविरोधी नौका या रकमेपुढे डोंगराएवढ्या नाहीत. खरी अडचण दृष्टीची आहे. सैन्याच्या परिभाषेत लढणाऱ्या तुकड्यांना 'दात' आणि त्यांना पुरवठा करणाऱ्यांना 'शेपूट' म्हणतात. एकदा शेपूट म्हटले की ते छाटण्याचाच विचार सुचतो. लेफ्टनंट जनरल (निवृत्त) द. ब. शेकटकर यांच्या समितीने २०१६ मध्ये दिलेल्या अहवालात या प्रमाणाचा साकल्याने विचार केला होता. त्यानुसार लष्करी गोशाळा बंद झाल्या, सुमारे ५७ हजार जणांची फेररचना ठरली. ते योग्यच झाले. दुधासाठी सैन्याने गाई पाळाव्यात हा काळ केव्हाच मागे पडला. पण चरबी आणि स्नायू यांतला फरक ओळखूनच सुरी चालवायची असते. टँकर, सुरुंगशोधन, पूल बांधणारे अभियंते, दारूगोळ्याची कोठारे हे स्नायू आहेत. वर्ध्याजवळच्या पुलगावात ३१ मे २०१६ रोजी देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा ती विझविताना दोन अधिकारी आणि अग्निशमन दलाचे अनेक कर्मचारी मरण पावले. ते सीमेपासून शेकडो कोस दूर होते. त्यांना शेपूट म्हणवत नाही.

तिन्ही दलांच्या अंतर्गत उतरंडीचाही यात वाटा आहे. हवाई दलाच्या प्रमुखपदी हेलिकॉप्टरचा वैमानिक प्रथम पोहोचला तो २००७ मध्ये, फली होमी मेजर यांच्या रूपाने. लष्करप्रमुखपदी अभियंता दलाचा अधिकारी येण्यास तर २०२२ साल उजाडले. ते नागपूरचे जनरल मनोज पांडे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. जे वर पोहोचतात त्यांच्या अनुभवातून मागण्यांची यादी तयार होते, आणि यादीत वरचे स्थान कोणाला मिळणार हे तेथेच ठरते. आर्थिक सल्लागारांच्या मेजावर फाइल गेल्यावर यादीतील खालची नावे प्रथम खोडली जातात.

मित्रराष्ट्रांशी पुरवठ्याचे करार झाले आहेत, मग स्वतःचे टँकर कशाला, असाही युक्तिवाद केला जातो. अमेरिकेशी २०१६ मध्ये झालेला करार शांततेच्या काळात उपयोगी पडतो यात शंका नाही. युद्धात मात्र दुसऱ्याच्या टँकरची नळी आपल्या विमानाला जोडायची की नाही, हे त्या देशाचे सरकार ठरवील. नौदलाने हे ओळखलेले दिसते. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी ऑगस्ट २०२३ मध्ये १९ हजार कोटी रुपयांचा करार होऊन प्रत्येकी ४४ हजार टनांची पाच पुरवठा जहाजे बांधायला दिली गेली. या विषयातील अलीकडच्या काळातली ही सर्वांत आश्वासक घटना. ती किती वृत्तपत्रांत पहिल्या पानावर आली, हे आम्ही वृत्तपत्रवाल्यांनी न विचारलेलेच बरे.

सुरुंग काढणाऱ्या नौकांचे काय? ३ जुलै २०२५ रोजी संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने सुमारे १ लाख ५ हजार कोटी रुपयांच्या प्रस्तावांची गरज मान्य केली, त्यात या नौकांचाही समावेश होता. बारा नौका, सुमारे ४४ हजार कोटी रुपये, बांधणी भारतातच, असे तेव्हा सांगण्यात आले. गरज मान्य होणे म्हणजे करार होणे नव्हे. त्यापुढे निविदा, तांत्रिक छाननी, किमतीची घासाघीस, करार आणि मग पहिल्या नौकेची बांधणी, असा मार्ग असतो. २००८ ची निविदाही अशीच गरज मान्य झाल्यावर निघाली होती.