शाळा नक्की सुटते केव्हा?

मित्रांनो, आधीच सांगते, मी पक्की कॉन्व्हेंटवाली. मराठी बोलायला फर्स्टक्लास, पण लिहायला घेतलं की ऱ्हस्व-दीर्घाची बोंब! तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा विषय दहावीपासून डोक्यात घोळतोय, म्हणून लिहितेच.

लॉकडाऊननंतर शाळा नुकतीच उघडली होती. मुलींच्या टॉयलेटला पाणी नाही, दाराला कडी नाही. टीचरना तीनदा सांगून झालं. शेवटी माझ्या मैत्रिणीने एका रविवारी, स्वतःच्या घरात बसून, इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर चार ओळी लिहिल्या. शिवी नाही, कुणाचं नाव नाही. सोमवारी प्रेयर संपायच्या आत त्याचा प्रिंटआउट प्रिन्सिपल सिस्टरच्या टेबलावर! आठ दिवस सस्पेंड, वर आईवडिलांकडून माफीनामा. गुन्हा काय? 'शाळेची बदनामी'. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि हिने ती उघडली ना!

त्याच वर्षी आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मुलीच्या रंगावरून आणि वजनावरून स्टिकर्स फिरत होते. तिची आई शाळेत येऊन रडली. तिला उत्तर मिळालं, "हे शाळेबाहेरचं आहे, तुमचं तुम्ही बघा." ती मुलगी हळूहळू यायचीच बंद झाली. एकदम बोर्डाच्या परीक्षेला दिसली. त्या ग्रुपवर मीही होते. हसणारा इमोजी मीही टाकला होता. आज ते लिहिताना लाज वाटते.

आता तुम्हीच सांगा, रविवारची इन्स्टा स्टोरी शाळेच्या आतली आणि वर्गाचा ग्रुप शाळेबाहेरचा, हे कुठलं लॉजिक?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१७ साली एका शाळकरी मुलीची चीअरलीडिंगच्या मुख्य टीममध्ये निवड झाली नाही. शनिवारी एका दुकानात बसून तिने स्नॅपचॅटवर शाळेच्या नावाने शिवी हासडली. स्क्रीनशॉट कोचपर्यंत पोचला आणि तिला वर्षभर टीमबाहेर काढलं. केस थेट सुप्रीम कोर्टात गेली. २०२१ मध्ये ८ विरुद्ध १ अशा मताने निकाल लागला, तो मुलीच्या बाजूने. कोर्टाचं म्हणणं साधं होतं. शाळेत आणि शाळेबाहेर, दोन्हीकडे शाळेचाच दंडुका असेल, तर मुलांनी मोकळं बोलायचं कधी? पण त्याच निकालात हेही म्हटलंय की, गंभीर छळ किंवा धमकी असेल तर शाळा बाहेरच्या गोष्टीतही लक्ष घालू शकते. लोक हा दुसरा भाग विसरतात.

आपल्याकडे २०१९ मध्ये केरळ हायकोर्टापुढे तर हॉस्टेलचीच केस होती. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरायला बंदी. एका विद्यार्थिनीने नियम मानायला नकार दिला आणि तिला हॉस्टेलमधून काढलं. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि प्रायव्हसीच्या हक्काचा भाग आहे, असं सांगून कोर्टाने तिला परत घ्यायला लावलं. (रेक्टर मॅडम, तुम्हाला टोमणा नाही हं!)

माझं मत एवढंच आहे. पोस्ट कुठे बसून टाकली, किती वाजता टाकली, हे बघूच नका. त्यात दुखावलं कोण, ते बघा. दुसऱ्या विद्यार्थ्याचा छळ होत असेल, तर शाळेने हात झटकायचे नाहीत, मग ते रात्री १२ वाजता घरून का केलेलं असेना. कारण सकाळी ती दोन्ही मुलं एकाच वर्गात बसणार असतात. आपल्याकडे यूजीसीचे २००९ चे रॅगिंगविरोधी नियम बोललेल्याच नव्हे, लिहिलेल्या शब्दांनाही लागू आहेत. शाळेतल्या मुलांना तेवढंही संरक्षण नको का?

पण फक्त शाळेचं नाव खराब होत असेल, तर शाळेने ते सोसायला शिकावं. नाव खराब होतं ते पाणी नसल्यामुळे, ते लिहिल्यामुळे नाही!

कुणी म्हणेल, मग टीचरबद्दल वाट्टेल ते लिहायचं का? मुळीच नाही. टीचरही माणूस आहे. त्याच्यावर खोटे आरोप केले, धमकी दिली, तर त्याने जरूर तक्रार करावी. पण आधी मुलाला बोलावून विचारा, 'हे का लिहिलंस?' माझ्या मैत्रिणीला हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. डायरेक्ट शिक्षा! त्यातून आम्ही सगळ्या एकच धडा शिकलो. कम्प्लेंट करायची नाही, आणि इमोजी टाकायला मात्र हरकत नाही.

असो. ती आता पुण्यात लॉ शिकतेय. आणि टॉयलेटची कडी? ती मात्र बसली, ती सस्पेंड होती त्याच आठवड्यात.

बघा पटतंय का. नाही पटलं तर मेसमध्ये भेटा, भांडू!

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर