आधी जुळणी, मग खरेदी!

खोडाळ्याच्या नाक्यावर कसाऱ्याला जाणाऱ्या जीपची वाट पाहणे हा एक शिकण्यासारखा उद्योग आहे. जीप भरल्याशिवाय सुटत नाही आणि ती भरेपर्यंत आजूबाजूला बरेच काही घडत असते. गेल्या वर्षी पाऊस नुकताच उघडला होता, तेव्हा तिथे नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उतारावर गाडी सोडत होता. जुन्या स्लिपरच्या तळव्यातून कापलेली चार चाके, सायकलच्या आऱ्यांचे दोन आस आणि वर कारवीच्या काड्यांचा सांगाडा, अशी ती गाडी. सुटली की ती डावीकडच्या गटारात जाई.

‘‘काय झालं रे?’’ मी विचारले.

‘‘डावीकडं वढतंय,’’ तो वर न पाहताच म्हणाला.

त्याने गाडी उलटी केली, पुढचा आस डोळ्यासमोर धरून पाहिला आणि दगडाने हलकेच ठोकून सरळ केला. गाडी पुन्हा सोडली. ओढ कमी झाली, पण गेली नाही. मग त्याने डावे चाक बोटाने फिरवले. ते सांगाड्याला घासत होते. सायकलच्या ट्यूबचा बारीक तुकडा मध्ये घालून त्याने ते बाहेर सरकवले. तिसऱ्या खेपेस गाडी सरळ जाऊन थेट जीपच्या चाकावर आदळली.

हे सांगायचे कारण असे, की त्याच आठवड्यात ठाण्याला माझ्या भाच्याकडे मी नेमके उलटे दृश्य पाहिले. त्याच्याकडे रेडिओवर चालणारी टूरिंग कार आहे. खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराची, सुमारे १९० मिलिमीटर रुंद, चारही चाकांना ताकद देणारी आणि गुळगुळीत रस्त्यासाठी बनवलेली. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीची ‘टीटी-०२’ ही २०१३ साली आलेली गाडी या छंदातली पहिली इयत्ता मानली जाते. ती सुट्या भागांच्या स्वरूपात मिळते आणि घरी बसून जोडावी लागते. भाच्याने ती जोडली आणि महिन्याभरात तिच्यात जादा ताकदीची मोटर, ॲल्युमिनियमचे बाहू आणि कडक स्प्रिंगा बसवल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहिल्याच वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरली.

‘‘मामा, आता चांगले टायर मागवायला हवेत,’’ तो म्हणाला.

म्हणजे दुखणे काय आहे हे कळण्याआधीच पुढचे औषध!

नवा भाग घालणे वाईट, असे मला म्हणायचे नाही. या गाड्यांमध्ये काही बदल पहिल्या दिवशीच करण्यासारखे असतात. पुष्कळ संचांत चाके प्लास्टिकच्या बुशांवर फिरतात. तिथे बॉलबेअरिंग घातली की घर्षण घटते, मोटर कमी तापते आणि बॅटरी जास्त पुरते. साध्या संचातले शॉकअप नुसत्या घर्षणावर काम करतात. तेलाचे शॉकअप घातले तर चाक उसळल्यावर शांतपणे खाली येते. पण मोटर बदलली की हिशेब बदलतो. जास्त फेरे घेणाऱ्या मोटरवर छोटे, कमी दात्यांचे पिनियन लागते. जुनेच ठेवले तर मोटर हात लावू देणार नाही इतकी तापते. ॲल्युमिनियमचे बाहू दिसायला देखणे, पण ते वजन वाढवतात. शिवाय कठड्यावर आपटल्यावर प्लास्टिकचा स्वस्त बाहू वाकून सावरतो किंवा स्वतः मोडून बाकीच्या गाडीला वाचवतो. धातूचा बाहू तोच धक्का आतल्या महागड्या भागापर्यंत पोचवतो.

त्या दिवशी आम्ही नवे काहीच मागवले नाही. जुनी मोटर आणि जुने बाहू परत बसवले. आरशाची जाड काच जमिनीवर ठेवून तिच्यावर गाडी उभी केली. तेव्हा दिसले, की एक मागचे चाक काचेला जेमतेम टेकत होते. सांगाडा पिळून कसला गेला होता. स्क्रू सैल करून, गाडी सपाट दाबून ते पुन्हा आवळले. मागची दोन्ही चाके वरून पाहता पुढच्या टोकाला किंचित आत वळलेली असावीत म्हणजे शेपूट स्थिर राहते. ती सारखी नव्हती, ती सारखी केली. मागे मऊ स्प्रिंग घातली. प्रत्येक बदलानंतर चार फेऱ्या मारायच्या आणि वहीत लिहायचे. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, कारण मग गुण कशाने आला हे कळत नाही. संध्याकाळपर्यंत गाडी वळण धरू लागली. खर्च शून्य रुपये.

जुळणीचा हा नियम खेळण्यापुरता नाही. खोडाळ्याच्या रस्त्यावरच्या कोणत्याही जीपवाल्याला विचारा. जास्त माणसे बसावीत म्हणून कमानपाट्यांत एक पान वाढवले, तर रिकामी जीप खड्ड्यात उसळते आणि मागे भार फार झाला तर घाटात स्टिअरिंग हलके लागते. एकीकडे मिळवले ते दुसरीकडे द्यावे लागते, हे त्याला पक्के ठाऊक असते. पुस्तकातले शास्त्र तेच सांगते, पण ते तपासायला हात लावावा लागतो.

आणि नेमका तो हातच आपण शिक्षणातून काढून घेतला आहे. शाळा सुधारायची म्हणजे नवी वस्तू आणायची, अशी आपली समजूत झाली आहे. कालपर्यंत संगणक होते, आज टॅब्लेट आणि यंत्रमानवाचे संच आहेत. २०१६ साली नीती आयोगाने अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना आणली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत. कल्पना उत्तमच आहे. पण मी पाहिलेल्या एका शाळेत असा महागडा संच कुलूपबंद होता, ‘मुले मोडतील’ म्हणून. अहो, मोडल्याशिवाय मुलाला यंत्र कळणार कसे?

कोणी म्हणेल, परदेशी संच परवडतात कुणाला? खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. देशी कारखानदारीला आधार म्हणून ते समजू शकते. आणि मोखाडा तालुक्यातल्या मुलासाठी तो संच मुळात हवाच कशाला? दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, मुलांची शाळा मधेच सुटते. तिथे टूरिंग कारच्या गप्पा मारणे ही चेष्टाच ठरेल.

माझे मागणे गाडीचे नाही, वहीचे आहे. प्रत्येक आश्रमशाळेत आठवड्यातून दोन तास जुळणीचे असावेत. पक्कड, कानस, दोन पेचकस, मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर आणि एक जाड काच, एवढे भांडवल पुरे. मुलांनी आपलीच गाडी आणावी, ती का ओढते ते शोधावे, एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. उद्या हीच मुले पंप, जीप, सौर दिवे हाताळणार आहेत. तेव्हा बिघाड झाला की शहरातून माणूस येईपर्यंत थांबावे लागणार नाही.

नाक्यावरच्या त्या पोराकडे नवा भाग विकत घेण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने आधी दोष शोधला. माझ्या भाच्याकडे सोय होती, म्हणून त्याला दोष शोधायला एक महिना उशीर झाला. भाच्याजवळ आता वही आहे. खोडाळ्याच्या पोराने त्या दिवशी तीन खेपांत जे शोधले, ते मात्र कुठेच लिहिले गेले नाही. जीप भरली, आम्ही निघालो आणि तो गाडी उचलून पुन्हा उताराच्या वरच्या टोकाला गेला.