हाड जुळते, मनाचे काय?

ऑगस्ट २०२२ मध्ये पी. व्ही. सिंधूने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बॅडमिंटनचे सुवर्णपदक जिंकले. पण डाव्या घोट्याच्या हाडाला तडा गेल्याने लगेचच्या जागतिक स्पर्धेला ती मुकली. जानेवारी २०२३ मध्ये ती कोर्टवर परतली. त्यानंतरचे पहिले वैयक्तिक विजेतेपद मात्र तिला १ डिसेंबर २०२४ रोजी, लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत लाभले.

या विलंबाची कारणे अनेक असतील. तरीही हाड जुळणे आणि खेळाडू सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मान्य करावेच लागते. दुखापतीनंतर उडी घेताना भीती वाटते, संघापासून तुटल्याची भावना सलते आणि 'पुन्हा कधी खेळणार?' हा आपुलकीचा प्रश्नही बोचतो. क्ष-किरण चित्रात यांपैकी काहीच उमटत नाही.

नामवंतांपाशी प्रशिक्षक व वैद्यकीय पथक असते. खेळाच्या बळावर नोकरीची आशा धरणाऱ्या जिल्हा पातळीवरील मुलामुलींनी कुणाकडे जावे? क्रीडासंघटनांनी खेळाडूला तंदुरुस्त ठरविण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञाइतकाच मानसशास्त्रज्ञाचा सल्लाही आवश्यक मानावा. घरच्यांनीही पायाची चौकशी करताना मनाची करावी.