बारावी सायन्सची पोरं आणि नौदलाचा दवाखाना



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, पाचट आणि पाण्याच्या पाळ्या यांवरच लिहितो. या खेपेचा विषय उसाचा नाही, मात्र ऊसवाल्याच्या घरातलाच आहे. हल्ली प्लॉट पाहणीला गेलो की उसाचं बोलणं पाच मिनिटांत आटपतं आणि मग सभासद हळूच विचारतात, "साहेब, पोरगं बारावी सायन्स झालंय, नीटला मार्क कमी पडले. पुढं काय करावं?" पोरगं दुसऱ्यांदा नीटला बसतं, तिसऱ्यांदा बसतं. क्लासची फी उसाच्या बिलातून जाते. त्यानंतर ते ना डॉक्टरकीला लागतं, ना शेतात रमतं. अशा घरांसाठी एक वाट आम्हाला सुचवायची आहे. ती म्हणजे नौदलातील वैद्यकीय सहायकाची, म्हणजेच मेडिकल असिस्टंटची नोकरी.

सातारा-सांगलीला फौज नवी नाही. सातारा तालुक्यातील अपशिंग्याला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. पण आपल्याकडे फौज म्हणजे मराठा लाइट इन्फंट्री आणि बेळगाव, असं डोक्यात पक्कं बसलेलं आहे. घाट उतरल्याखेरीज आपल्याला खारं पाणी दिसत नाही, त्यामुळे नौदल कुणाला आठवत नाही. भरती अकादमीची पोरं पहाटे रस्त्यानं पळतात, छाती फुगवतात आणि जनरल ड्युटीच्या रांगेत उभी राहतात. त्या रांगेत जीवशास्त्राला काही भाव नाही. नौदलाच्या या भरतीत मात्र त्याशिवाय दारातच उभं करत नाहीत.

काम काय असतं ते नीट समजून घ्यावं. प्रथम ओडिशातील चिल्का येथे खलाशाचं मूळ शिक्षण होतं. कवायत, पोहणे, शिस्त, सगळं तिथं. कृष्णा-वारणाकाठच्या पोराला पोहण्याची भीती नसावी, हे एक आपल्या बाजूचं. त्यानंतर मुंबईत कुलाब्याला 'अश्विनी' या नौदलाच्या मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण मिळतं. देवांचे वैद्य अश्विनीकुमार, त्यांचं नाव या रुग्णालयाला दिलेलं आहे. जखम बांधणं, सलाईन लावणं, इंजेक्शन, औषधांचा हिशेब, भाजलेल्या आणि बुडालेल्या माणसाचा प्रथमोपचार हे तिथं हातात बसतं. पुढे शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, क्ष-किरण, रक्तपेढी अशा एखाद्या विभागाचं खास शिक्षणही घेता येतं. नेमणूक किनाऱ्यावरच्या रुग्णालयात होते, नाहीतर जहाजावर. लहान जहाजावर पुष्कळदा डॉक्टर नसतो. तिथल्या चिमुकल्या दवाखान्याचा सगळा भार या एकट्या माणसावर असतो.

जबाबदारी किती मोठी, याचं एक जुनं उदाहरण देतो. ११ सप्टेंबर १९४२ रोजी अमेरिकेची 'सीड्रॅगन' ही पाणबुडी शत्रूच्या समुद्रात असताना एका खलाशाचं अपेंडिक्स बिघडलं. पाणबुडीवर डॉक्टर नव्हता. व्हीलर लाइप्स नावाचा विशीतला सहायक होता. त्यानं जेवणाच्या टेबलावर शस्त्रक्रिया केली. चमचे वाकवून जखम उघडी धरली, चहाच्या गाळणीवर गॉज लावून ईथर दिलं. खलाशी वाचला. पोरांना ही गोष्ट सांगितली की ती चमच्यांतच अडकतात. आम्हाला त्यात वेगळंच महत्त्वाचं वाटतं. लाइप्सनं आधी रुग्णालयात अशा शस्त्रक्रियांना मदतनीस म्हणून हात लावलेला होता, म्हणून त्याचा हात थरथरला नाही. या कामाचं पदक त्याला मिळालं २००५ साली, ६३ वर्षांनी! सरकारी कागद सगळ्या देशांत सारखाच चालतो म्हणायचा.

आपल्याकडचंही सांगतो. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, तेव्हा नौदलानं 'निरूपक' या समुद्र मोजणाऱ्या जहाजाचं रुग्णालय करून ते इंडोनेशियाला धाडलं. ऑगस्ट २०१९ चा महापूर तर आपण सर्वांनी भोगला आहे. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली ते कुणी विसरलेलं नाही. त्या दिवसांत नौदलाची पथकं बोटी आणि पाणबुडे घेऊन सांगली-कोल्हापुरात उतरली होती. समुद्रावरची माणसं आपल्या सोयाबीनच्या रानातून बोट चालवीत होती.

आता रोखठोक बोलू. २०२२ च्या जूनपासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी आणि चारांतला एक कायम, हा तिचा हिशेब. म्हणून पुष्कळ आईबाप बिचकतात, आणि त्यांचं चुकतं असं आम्ही म्हणणार नाही. मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये वैद्यकीय सहायकांची जी जाहिरात निघाली, ती अग्निवीरांची नव्हती, नियमित खलाशांची होती. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र, एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४० टक्के, शिवाय अविवाहित तरुण, अशी अट होती. १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत पळायचं होतं. प्रशिक्षणात दरमहा १४,६०० रुपये आणि नंतर मूळ पगार २१,७०० पासून, वर महागाई व इतर भत्ते. दर जाहिरातीत वय आणि अटी बदलतात, तेव्हा नवी जाहिरात स्वतः वाचावी. पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणाऱ्याला बांधावरूनच परत पाठवावं. मुलींना त्या भरतीत जागा नव्हती. पण 'अश्विनी'मध्येच नर्सिंगचं महाविद्यालय आहे आणि तिथून मुली सैनिकी परिचर्या सेवेत थेट अधिकारी होतात. तिथं नीट लागतेच, हेही सांगून ठेवतो.

यात सगळं गोड आहे असं नाही. महिनोन्‌महिने घर दिसत नाही. जहाज हाललं की पहिले काही दिवस पोटात अन्न ठरत नाही, आणि तशाच अवस्थेत दुसऱ्याच्या ओकाऱ्या आवराव्या लागतात. युद्ध झालं तर दवाखानाही जहाजाबरोबरच जातो. ९ डिसेंबर १९७१ ला 'खुकरी' बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पोराला पाठवताना आईला हे माहीत असावं.

आमची खरी तक्रार निराळीच आहे, आणि ती आपल्या घरचीच आहे. पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन आलेला माणूस चाळिशीच्या आतबाहेर असतो. हाताला शिक्षण, डोक्याला शिस्त. आमच्या पाहण्यातला असा एक गृहस्थ, शस्त्रक्रियागृहात वर्षानुवर्षे काम केलेला, तालुक्याच्या गावी एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो. चौकशी केली तर म्हणाला, "नौदलाचा दाखला बाहेर कोण मानतंय, साहेब?" म्हणून नोकरीत असतानाच, जो कोर्स आपण करतो तो बाहेरच्या कौन्सिलला चालतो का, हे पोरानं विचारून घ्यावं. आणि परत आल्यावर गावात डॉक्टरकी थाटू नये. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्यानं नोंदणीशिवाय ती करता येत नाही आणि त्यात रोग्याचाही जीव जातो.

पण प्रथमोपचाराला तर अशा माणसाइतका योग्य दुसरा कोण? पाचशेच्या वर कामगार असले की ॲम्ब्युलन्स रूम हवी, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनंच सांगितलं होतं. ती खोली नुसती कुलुपात ठेवून भागत नाही. हंगामात बीडकडच्या टोळ्या फडात राबतात. कोयता लागतो, बैलगाडी अंगावर येते, फडात घोणस चावते. चावलेल्या जागी कोणी ब्लेड मारतं, कोणी दोरी आवळतं, कोणी मांत्रिकाकडे नेतं. हे थांबवून माणसाला न हलवता, धीर देत, सरळ सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात पोचवायचं असतं. रात्री दोनला हे काम शांत डोक्यानं करणारा माणूस गव्हाणीजवळ असावा, तसाच प्रत्येक गटात एक.

म्हणून आम्ही संचालक मंडळापुढे लेखी सूचना ठेवली आहे. पुढच्या हंगामापासून प्रथमोपचार केंद्रावर आणि तोडणी तळांवर नेमताना सैन्यदलांतील निवृत्त वैद्यकीय सहायकांना पहिला मान द्यावा, आणि तोही रखवालदाराच्या पगारावर नव्हे. वार्षिक सभेत सभासदांनी यावर बोलावं. नुसता हात वर करून गप्प बसू नये. आपल्या गावात असे निवृत्त कोणी असतील तर त्यांची नावं गट कार्यालयात द्यावीत. आमच्याकडची यादी अपुरी राहिली, तर सातारा व सांगली येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतही आम्ही चौकशी करणार आहोत. ज्यांची पोरं यंदा बारावीला आहेत, त्यांनी गुणपत्रक हातात पडताच एकदा येऊन भेटावं. सोमवारी आम्ही दुपारी तीननंतर कार्यालयात असतो, बाकीचे दिवस शिवारात.