मैत्री आणि मिंधेपणा

1819 च्या सप्टेंबरात सातारच्या गादीचा ईस्ट इंडिया कंपनीशी तह झाला. त्याची भाषा मैत्रीची होती. परंतु कंपनीच्या अनुमतीवाचून परराज्याशी व्यवहार करावयाचा नाही, ही अटही त्यात होती. पुढे प्रतापसिंह महाराजांवर जे आरोप ठेवण्यात आले, त्यांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचाही आरोप होता. 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस धाडले. 1848 मध्ये राज्यच खालसा झाले. रंगो बापूजी विलायतेत वर्षानुवर्षे दाद मागून 1853 मध्ये रिक्तहस्ते परतले. ज्या मैत्रीत तिसऱ्याशी बोलण्याचा अधिकार गहाण पडतो ती मैत्री नव्हेच, हा धडा सातारने राज्य गमावून घेतला आहे.

त्याचे स्मरण होण्यास 2025 च्या ऑगस्टातील घटना कारण झाली. रशियाशी आपण 2000 मध्ये सामरिक भागीदारीचा करार केला. अमेरिकेने 2016 मध्ये आपणांस प्रमुख संरक्षण भागीदार म्हटले. तरीही रशियाचे तेल घेतो म्हणून याच अमेरिकेने भारतीय मालावर 25 टक्के जादा कर लादला आणि एकूण बोजा 50 टक्क्यांवर नेला. कराचे आकडे वाटाघाटींनी बदलतात. प्रश्न तत्त्वाचा आहे. एका भागीदाराने दुसऱ्याशी असलेल्या व्यवहाराबद्दल आपणांस दंड करावा काय?

म्हणून मैत्रीच नको, असे मात्र कोणी म्हणू नये. देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या आणि कऱ्हाडास वाढलेल्या यशवंतराव चव्हाणांनी 1962 च्या पराभवानंतर संरक्षणखाते हाती घेतले. 1964 मध्ये ते प्रथम अमेरिकेस आणि नंतर मॉस्कोस गेले. अमेरिकेने एफ-104 विमाने दिली नाहीत. रशियाने मिग-21 दिली आणि ती येथे बांधण्यास साहाय्यही केले. ओझरचा कारखाना त्याची साक्ष आहे. त्याच यशवंतरावांच्या परराष्ट्रमंत्रिपदाच्या काळात, 1976 मध्ये, चीनशी राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली. रशियाशी स्नेह होता म्हणून चीनचे दार बंद ठेवावे, असे त्यांस वाटले नाही.

अर्थात् सारा दोष परक्यांचा नाही. शस्त्रांसाठी दीर्घकाळ मुख्यतः एकाच देशावर विसंबण्याची सवय आपलीच होय. सांगलीच्या पेठेत हळद आणणाऱ्या शेतकऱ्यास हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच अडत्याची उचल ज्याने घेतली, त्याने भावाची घासाघीस कोणत्या तोंडाने करावी? ज्याच्या घरी बियाणे आहे आणि ज्यास चार दुकाने मोकळी आहेत, त्याच्याशीच व्यापारी अदबीने बोलतो.

दिल्लीने मित्र अवश्य जोडावेत. परंतु प्रत्येक करारावर सही करण्यापूर्वी, यामुळे दुसऱ्या कोणाशी बोलण्याची आपणांस बंदी होते काय, एवढे एकदा पाहावे. सातारच्या तहात नेमके तेच होते.