फोटो काढायला ताट तर पाहिजे

तीन महिन्यांपूर्वी मला शुगर निघाली. चाळिशी ओलांडलेल्या तालुक्याच्या पत्रकाराला ती निघायचीच होती म्हणा. दिवसभर मोटारसायकल, चहावर चहा, या उद्घाटनाला पेढा, त्या सत्काराला बुंदी. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि म्हणाले, रोज काय खाता ते लिहून ठेवत जा. आता बातम्या लिहून हात दुखतो, जेवण कोण लिहिणार? पोरगी पुण्याला शिकते. तिनं व्हिडिओ कॉलवर बसून माझ्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकायला लावलं. "पप्पा, लिहायचं काहीच नाही. जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढायचा. बाकी सगळं एआय सांगतं."

तेव्हापासून आमच्या घरी आधी फोटो, मग जेवण. बायको म्हणते, "जेवा की गुमान. भाकरीचे फोटो कामून काढायलात?"

आधी गंमत सांगतो. ज्वारीच्या भाकरीला ॲप पहिल्याच दिवशी रोटी म्हणालं आणि गव्हाचा हिशेब लावून मोकळं झालं. अंबाडीच्या भाजीचा पालक झाला. सुशीलाचे पोहे झाले. (बाहेरगावच्या मित्रांसाठी: सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा आमचा नाष्टा. इनबॉक्समध्ये कुणी बाई आहे का म्हणून विचारू नका.) चुकलं तर दुरुस्त करायची सोय आहे, ते मी करतो. पण खरी अडचण नावाची नाही. वरणात जिरलेलं तेल फोटोत दिसत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, आणि आमच्याकडं ठेच्यावर करडईच्या तेलाची धार मोजून कोण घेतं? वाटी किती खोल आहे, तेही वरून काढलेल्या फोटोत धड कळत नाही. म्हणजे समोर येतो तो आकडा अंदाजाचा. पण तो असा ठणठणीत लिहून येतो की जणू तराजूत तोलला.

तरी ॲपला नावं ठेवायची नाहीत मला. चहाचेही फोटो काढ असं पोरीनं बजावलं होतं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आठ कप. तहसीलसमोर दोन, बसस्टँडवर एक, पोलीस ठाण्यात एक, बाकीचे कुठं कुठं झाले ते फोटो बघून आठवलं. प्रत्येकात साखर. डॉक्टरांना मी छातीठोकपणे "दोन-तीन चहा होतात" सांगितलं होतं. आता चारवर आलोय. हे ॲपमुळंच झालं, कबूल करतो.

मग परवा मनात आलं, हिचंही सुरू करावं. हिचं हिमोग्लोबिन नऊच्या पुढं सरकत नाही. गोळ्या आणतो, चार दिवस घेते, विसरते. म्हटलं तुझ्या ताटाचा फोटो काढू. तर म्हणाली, "ताट कुठंय?"

खरंच ताट नव्हतं. आम्हा सगळ्यांचं झाल्यावर ती कढईतच भाकरीचा तुकडा फिरवते. सकाळची अर्धी भाकरी, उरलं असेल तर वरण, नसेल तर तिळाची चटणी. स्वतःचं ताट वाढून घेऊन बसलेली ती मी सणावारालाच पाहिली असेल. ॲपचा सगळा कारभार इथंच थांबला. कॅमेरा हातात, समोर कढई. मी वीस वर्षं कुपोषणाच्या बातम्या लिहितोय, मोर्चे कव्हर केले, आणि माझ्याच चुलीजवळ काय चाललंय ते मला मोबाईलमुळं दिसलं.

ही माझ्या एकट्याच्या घरची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीपेक्षा हा आकडा वाढला होता. पाच वर्षांखालची ३५ टक्के लेकरं वयाच्या मानानं खुजी. यातल्या किती जणांच्या घरी भरलेलं ताट फोटोसाठी वाट बघत असतं?

आता सरकारकडं येऊ, कारण कॅमेरा तिकडंही आलाय. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यातल्या तोडसा इथल्या सरकारी आश्रमशाळेत एआयवर चालणारं यंत्र बसवल्याच्या बातम्या २०२३ मध्ये आल्या होत्या. मुलगी जेवणाचं ताट घेऊन यंत्रासमोर उभी राहते, यंत्र फोटो घेतं आणि ताटातलं जेवण कसं आहे ते सांगतं. २२२ मुलींपैकी ६१ कुपोषित आढळल्यानं हा प्रयोग झाला, असं त्या बातम्यांत होतं. मला हा प्रयोग आवडला. कारण तिथं हिशेब द्यायचाय तो वाढणाऱ्यानं. ताटात जेवण कसं वाढलंय, हे बघायला ते यंत्र बसवलं होतं. मुलीला काही सिद्ध करायचं नाही.

अंगणवाडीत मात्र उलटं झालंय. पोषण ट्रॅकर ॲप मार्च २०२१ मध्ये आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर अंगणवाडीताईंनी सरकारी मोबाईल परत केले होते, आठवत असेल. मोबाईल निकृष्ट, ॲप इंग्रजीत, आणि नोंदी करता करता लेकरांकडं बघायला वेळ नाही, ही तक्रार. पुढं १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा ओळख सक्तीची झाली. गरोदर बाई, ओली बाळंतीण, सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकराची आई, यांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की पाकीट. आपल्या पैनगंगेकाठच्या गावांत रेंज कुठं मिळते आणि कुठं छतावर चढावं लागतं, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. बोगस लाभार्थी रोखायचे म्हणतात, ठीक. पण पाकिटात काय आहे, ते लेकरू खातं की शेळीपुढं जातं, याचा फोटो कोण काढतं?

फोटोनं चोरी थांबते असंही नाही. रोजगार हमीच्या हजेरीत फोटो सक्तीचे केले, तर लोकांनी फोटोचे फोटो काढून चढवले. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना तसं लिहावं लागलं.

आणि अंडं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळी. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयात सांगितलं की यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, द्यायचं तर लोकसहभागातून द्या. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पहिली ते पाचवीच्या लेकराला दुपारच्या जेवणातून १२ ग्रॅम मिळावीत असा सरकारचाच नियम आहे. एआयचा कॅमेरा कितीही हुशार असू द्या, ताटात नसलेलं अंडं तो कुठून दाखवील?

माझं म्हणणं एवढंच आहे. कॅमेरा आणायचाच तर तोडश्यासारखा आणा, ताटावर लावा, आणि दिवसाचा फोटो शाळेच्या दारात पालकांना दिसेल असा लावा. आईचा चेहरा तपासणं बंद करा. तिला अंगणवाडीताई नावानिशी ओळखते, तिच्या सासूलाही ओळखते.

आमच्या घरी सध्या एवढं झालंय की रात्री चार ताटं एकदम वाढायची. पहिल्या दिवशी भाकऱ्या गार झाल्या म्हणून आईनं कुरकुर केली. हिच्या ताटाचा फोटो काढायला गेलो तर पदर आडवा धरला.

तुमच्या गावच्या शाळेत या महिन्यात लेकरांना अंडं किंवा केळी मिळाली का? कितीदा? खाली फक्त गावाचं नाव आणि आकडा लिहा. गुरुजींचं नाव लिहू नका, त्यांच्या हातात काही नाही. आकडे जमले की घेऊन पंचायत समितीत जातो.