मोखा, मलिक अंबर आणि आमचा नळ

परवा शनिवारी कॅनॉटला मित्रांबरोबर कॉफी प्यायला बसलो होतो. मेनूकार्ड बघत एकाने विचारलं, "मोका म्हणजे काय रे? चॉकलेट?" मी उत्साहाने सांगायला लागलो, तर दोन मिनिटांत सगळे आपापल्या मोबाईलमध्ये. असो, म्हणून इथे लिहितोय. :-)

मोका, म्हणजे मोखा, हे येमेनमधलं एक बंदर. तांबड्या समुद्राच्या काठावर, मागे रखरखीत वाळवंट. गंमत म्हणजे गावात कॉफीचं एक झाडही नव्हतं. कॉफी पिकायची आतल्या डोंगराळ भागात आणि उंटांवर लादून इथे यायची. मोख्याचं काम एवढंच, की माल साठवायचा, जकात घ्यायची आणि जहाजं भरायची. इंग्रज, डच सगळ्यांच्या वखारी तिथे होत्या. सुरतेहून कापड जायचं आणि दलाली करायला गुजराती वाणी बसलेले असायचे. जगाला कॉफी हवी, तर मोख्याला या, असा थाट!

मग डचांनी कॉफीची रोपं जावा बेटावर नेऊन लावली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जावाची कॉफी ॲम्स्टरडॅमच्या बाजारात आली आणि मोख्याची मक्तेदारी मोडली. १८३९ साली इंग्रजांनी जवळचंच एडन घेतलं. (हे एडन नंतर नव्वदेक वर्षं चक्क मुंबई इलाख्यात होतं. वासुदेव बळवंत फडके १८८३ साली तिथल्याच तुरुंगात गेले.) उरलासुरला व्यापार तिकडे सरकला. आज मोखा म्हणजे एक लहानसं गाव आणि जुन्या वैभवाचे पडके अवशेष. नाव मात्र जगभरच्या मेनूकार्डांवर.

आता म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे. सोळाव्या शतकात याच मोख्याच्या बाजारात एक हबशी पोरगा गुलाम म्हणून विकला गेला. पुढे बगदादमार्गे तो दख्खनेत आला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० साली त्याने खडकी वसवली. तो मलिक अंबर. खडकीचं १६५३ साली औरंगाबाद झालं आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर.

या माणसाने शहर वसवताना आधी पाण्याची सोय बघितली. उत्तरेच्या डोंगरातलं झिरपणारं पाणी जमिनीखालून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. पंप नाही, वीज नाही. हवा सुटायला मध्येमध्ये विटांचे मनोरे. आपण याला एलिगंट डिझाईन म्हणू. वाळवंटी बंदरात पाण्याची किंमत बघितल्यामुळे त्याला हे सुचलं असेल का? पुरावा काही नाही, पण मला तसं वाटतं खरं.

१७६३ साली निजामाने राजधानी हैदराबादला हलवली. म्हणजे मोख्यासारखाच धक्का. पण हे शहर ओस पडलं नाही. माझ्या मते त्याचं एक मोठं कारण नहरींचं पाणी. व्यापार गेल्यावर मोख्याकडे माणसांना धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं. आपल्याकडे होतं.

आणि आपण काय केलं? नहरी बुजवल्या, फोडल्या, त्यांच्यावर घरं बांधली. आता पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून पाणी वर चढवून आणतो. माझं लहानपण "अरे ऊठ, नळ आलाय!" या आईच्या हाकेवर गेलं, आणि ती हाक रोजची नव्हती. टाक्या, ड्रम, बादल्या, झालंच तर पातेली... सगळं भरून ठेवायचं. २०२० साली नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, तेव्हा आकडा होता १६८० कोटी. पुढे तो २७०० कोटींच्या वर गेला.

वाळूजला १९८५ साली बजाज आली आणि शहर बदललं, हे मान्यच. शेंद्रा-बिडकीनला नवे कारखाने येताहेत, समृद्धी महामार्ग झाला, याचा मलाही आनंद आहे. माझेच मित्र पुण्याहून परत यायचं म्हणताहेत. पण कारखाना रस्ता, जागा आणि सवलत बघून येतो. उद्या दुसरीकडे यापेक्षा बरं मिळालं, तर जातोही. एकाच गोष्टीवर उभी असलेली सिस्टीम आपण ऑफिसात रिव्ह्यूमध्ये पास करत नाही. मग शहर कसं पास करतो?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. नव्या गुंतवणुकीचा आकडा पेपरात आला, की शेजारी पाण्याचाही आकडा मागायचा. आणि नहरींचे जे तुकडे शिल्लक आहेत, त्यांचा नकाशा करून ते तरी वाचवायचे. कुणी जीपीएस घेऊन एखाद्या रविवारी हर्सूलकडे फिरायला तयार असेल, तर सांगा. मी येतो. कॉफी माझ्याकडून.